कानाला ओळखीचं पुस्तक

अगं, तुझ्या लेकीला मुळाक्षरं येतात, काना-मात्रा-वेलांटी येते, स्वतःचं नाव ती झोकात लिहिते आणि तरी पुस्तक पुढ्यात ठेवलं की दोन ओळींत जांभया द्यायला लागते, ही तुझी काळजी मला समजतेय. तू पाठवलेला पुस्तकांच्या ढिगाचा फोटो मी मोठा करकरून पाहिला. त्यातली बरीच पुस्तकं चांगली आहेत. फक्त ती आत्ता तिनं एकटीनं वाचायची नाहीत, तू वाचून दाखवायची आहेत. हा फरक नीट सांगायचाय, म्हणून आज सविस्तर लिहितेय. माझी सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली. वाचायला शिकणारं मूल आणि त्याच्या हातातलं पुस्तक यांचं जमताना मी पाहिलंय आणि बिनसतानाही पाहिलंय. तेव्हा आज बहीण म्हणूनही बोलते आणि बाई म्हणूनही.

आधी 'सोपं' कशाला म्हणायचं ते ठरवू. आपल्याकडे अशी पक्की समजूत आहे की काना-मात्रा कमी असल्या आणि जोडाक्षर औषधालाही नसलं की पुस्तक सोपं झालं. मग 'शरद, गवत धर. जगन, मगर बघ' असली वाक्यं तयार होतात. अक्षरं सगळी साधी, सुटी. पण मला सांग, आपल्या घरात असं कोणी कोणाशी बोलतं का? शरदनं गवत कशासाठी धरायचं? आणि मगर आली कुठून? मूल एकेक अक्षर जुळवत बिचारं शेवटापर्यंत पोचतं आणि तिथं त्याच्या हाती काहीच लागत नाही. आता 'आत्याची चप्पल हरवली' हे वाक्य घे. तीन शब्द आणि त्यात दोन जोडाक्षरं, म्हणजे समजुतीप्रमाणे अवघड. पण आत्या तिच्या ओळखीची, चप्पल ओळखीची आणि निघायच्या वेळी चप्पल सापडेनाशी झाली की घरात काय धावपळ उडते तेही तिला ठाऊक. 'आ' वाचला, पुढच्या अक्षरापाशी ती जरा थबकली, शेजारच्या चित्रात आत्या दिसली, की तोंडातून 'आत्या' निघतंच. 'त्या' असं लिहितात हे मग तिचं तिला कळतं, आपण शिकवावं लागत नाही. उलट 'खग', 'नभ', 'जल' बघ. दोन-दोन सुटी अक्षरं. ती वाचेल घडाघडा आणि मग तुझ्या तोंडाकडे बघत बसेल.

माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आहे बघ. पुस्तक निवडताना पानावरची अक्षरं मोजण्याआधी मुलाच्या कानात काय काय साठलंय ते बघ. सहा वर्षांच्या मुलानं सहा वर्षं मराठी ऐकलेली असते. वाचायला शिकताना ते त्या ऐकलेल्या भाषेशी कागदावरच्या खुणा जोडत असतं. ऐकलेलंच नसेल, तर जोडणार कशाला?

आपल्या लिपीत तर कानाची मदत पावलोपावली लागते. 'सरबत' लिहिताना चारही अक्षरं पूर्ण लिहितो, पण म्हणताना 'सर्बत' म्हणतो. 'चिमणी'चं 'चिम्णी' होतं. नवं मूल आधी 'स-र-ब-त' असं सरळ वाचतं, क्षणभर थांबतं आणि मग चेहरा उजळून म्हणतं, 'सर्बत!' ही दुरुस्ती त्याला कानानं करून दिलेली असते. शब्द अनोळखी असेल तर दुरुस्ती कोण करणार? 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च एकाच खुणेनं लिहितो. 'जेवण' आणि 'जागा' यांतल्या ज चंही तेच. कुठं कोणता उच्चार करायचा हे पुस्तकात लिहिलेलं नसतं, ते बोलून बोलूनच माहीत असतं. ऱ्हस्व वेलांटीचा प्रकार आणखी वेगळा. 'पिशवी' वाचताना डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, मग प, पण म्हणताना आधी प येतो. आपल्याला हे जाणवतही नाही. तिच्या डोक्यात मात्र एका शब्दात एवढ्या सगळ्या उलाढाली चाललेल्या असतात. अशा वेळी शब्द तरी ओळखीचे असावेत, एवढं आपण तिच्यासाठी करायलाच हवं.

म्हणून दुकानात पुस्तक हातात घेतलंस की पहिलं पान मोठ्यानं वाच, हळू आवाजात का होईना. आपण घरात जसं बोलतो तसं ते ऐकू येतंय का? 'राजाने प्रधानास पाचारण केले' असं असेल तर ते परत ठेव, किंवा रात्री झोपताना तू वाचून दाखवायला घे. पंचतंत्र, बिरबल, तेनालीरामा यांच्या बाजारातल्या बऱ्याच स्वस्त पुस्तकांची हीच अडचण असते. गोष्ट गोड असते, पण भाषा कचेरीतल्या अर्जासारखी. शिवाय शेवटी तात्पर्य. ते तात्पर्य म्हणजे साऱ्या गोष्टीतलं सगळ्यात अवघड वाक्य असतं आणि दमलेल्या मुलाच्या वाट्याला नेमकं ते शेवटी येतं. 'मोठे झाड होते' आणि 'मोठं झाड होतं' यांतलं दुसरं वाक्य आपल्या घरच्या मुलाला जवळचं. छापील भाषेची ओळख पुढं व्हायचीच आहे, तिसरी-चौथीत ती आपोआप होते. पहिल्या पुस्तकांत मात्र अनुस्वाराची ही बोली रूपं मला फार मोलाची वाटतात.

ज्यांच्या घरात पुस्तकासारखी मराठी बोलतच नाहीत, त्या मुलांचं काय, असं तू विचारशील. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, वारली, कातकरी अशा बोलींत वाढलेल्या मुलांना आपल्याला सोपं वाटणारं पुस्तकही परकं वाटतं. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ नीलेश निमकर यांची 'क्वेस्ट' संस्था आहे. त्यांचा 'गोष्टरंग' नावाचा उपक्रम आहे. त्यात नट मंडळी आश्रमशाळांमध्ये जाऊन मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी नाटकाच्या अंगानं सादर करतात. मला हा विचार फार पटतो. गोष्ट आधी कानातून, डोळ्यांतून आत गेली की तीच गोष्ट पुस्तकात भेटल्यावर मूल बिचकत नाही. तुझ्या घरी मराठी आहे, तरी शाळा इंग्रजी माध्यमाची. तेव्हा तिच्या कानावर मराठी किती आणि कोणती पडते, याकडे तूही जरा लक्ष दे.

आता पहिलं पुस्तक कोणतं द्यायचं? जी गोष्ट तिला आधीच तोंडपाठ आहे, ती. म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत येते ती, चिमणीच्या मेणाच्या आणि कावळ्याच्या शेणाच्या घराची, सात शेपट्यांच्या उंदराची. या गोष्टींत तेच बोलणं पुन्हा पुन्हा येतं. वाघ भेटला तरी म्हातारी तेच सांगते, कोल्हा भेटला तरी तेच. उंदराची एकेक शेपटी कापली जाते आणि वाक्यात फक्त आकडा बदलतो. मुलाला पुढचं वाक्य आधीच माहीत असतं, त्यामुळे नजर नव्या शब्दासाठी मोकळी राहते. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी अशा कितीतरी लोककथा मुलांसाठी गोळा केल्या. लोक त्यांना प्रेमानं 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणत. आपल्या ताराबाई मोडक तिथंच त्यांच्याबरोबर काम करत होत्या आणि पुढं ती सगळी शिदोरी घेऊन त्या बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आल्या. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक सुरुवातीला धड्याला हात घालत नाही, आधी गोष्ट सांगतो. मिळालं तर तूही वाच ते पुस्तक, छोटंसंच आहे.

तुझ्या सासूबाई म्हणतील, 'अगं, ती वाचत नाहीये, तिला पाठ आहे.' असू दे पाठ. बोट ठेवून म्हणायला सांग. पाठ असलेलं वाक्य म्हणताना बोट 'भोपळा'वर येतं तेव्हा तोंडातही 'भोपळा' हवा, नाहीतर शेवटी दोन शब्द उरतात आणि तिचं तिलाच चुकल्यासारखं होतं. मग ती मागे जाते, पहिल्या अक्षराकडे बघते, 'भो' शोधते. हे वाचनच आहे गं. एका मुलीला मी मांजराच्या गोष्टीचं पुस्तक दिलं होतं. छापलं होतं 'मांजर', ती दर वेळी वाचायची 'मनीमाऊ'. अर्थ बरोबर, अक्षरं वेगळी. मी तिला चूक म्हटलं नाही, एवढंच विचारलं, 'या शब्दाच्या शेवटी कोणतं अक्षर दिसतंय?' ती 'र' म्हणाली, चित्राकडे बघितलं, ओठ हलवून पाहिले आणि 'मांजर' म्हणून मोकळी झाली. चित्रातलं मांजर ओळखीचं नसतं तर तो 'र' तिच्या काही कामाला आला नसता.

चित्रांचंही म्हणूनच बघायचं. दर पानावरच्या मजकुरात जे घडतं ते चित्रात दिसायला हवं. 'बंड्या झाडावर चढला' असं लिहिलंय आणि चित्रात नुसती फुलपाखरं उडताहेत, तर ते चित्र तिला मदत करत नाही. रंगीत नक्षीवर किंवा गडद निळ्या आभाळावर छापलेला मजकूर मी नव्या वाचकाला देत नाही. आपल्या लिपीत अनुस्वाराचं टिंब, मात्रा, वेलांट्या या बारीक बारीक गोष्टींवर सगळी मदार असते आणि त्या नेमक्या नक्षीत हरवतात. अक्षर मोठं हवं, शब्दांमध्ये मोकळी जागा हवी. घ-ध, भ-म, य-थ, ब-व ही जुळी भावंडं वेगळी दिसतील असा टाइप हवा. काही टाइपांत ख असा सुटा सुटा पडतो की मूल 'रव' वाचतं. ल आणि श यांचं तर खास बघ. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श, हेच आपल्या शाळेत शिकवतात. २००९ साली राज्य शासनानं मराठीसाठी हीच वळणं ठरवून दिली. पण संगणकावरच्या अनेक टाइपांत हिंदी वळणाचे ल आणि श येतात आणि पुस्तकं तशीच छापली जातात. मोठं मूल दोन्ही वाचतं. पहिलीतलं मूल मात्र 'हे कुठलं अक्षर?' म्हणून अडतं आणि आपण म्हणतो, याला ल येत नाही.

ओळ कुठं तोडली आहे, याकडे तर फार थोड्यांचं लक्ष जातं. 'आजीनं गच्चीवर पापड वाळत' एवढं एका ओळीत आणि 'घातले आणि ती खाली आली' दुसऱ्या ओळीत, असं छापलं तर नवं मूल 'वाळत'वर थांबतं, आवाज खाली आणतं, श्वास घेतं. वाक्याचा अर्थ तिथंच सांडतो. तेच 'आजीनं गच्चीवर' वर, 'पापड वाळत घातले' खाली, 'आणि ती खाली आली' त्याच्या खाली असं असेल, तर दर ओळीला काहीतरी पुरं झाल्याचं समाधान मिळतं. चांगला प्रकाशक हे जपतो. दुकानात पुस्तक चाळताना तुला हे एका नजरेत दिसेल.

लांबी? थोडी. सोळा पानं, दर पानाला एक-दोन ओळी, एवढं पहिल्याला भरपूर. 'संपवलं!' असं ओरडत मूल स्वयंपाकघरात धावत येतं, त्या आनंदावर पुढची दहा पुस्तकं वाचली जातात. म्हणून 'एकशे एक गोष्टी' असला जाड ठोकळा पहिल्या वाचनाला नको. मुलाला तो कधीच संपवता येत नाही.

थोडक्या शब्दांत चांगलं पुस्तक लिहिणं मोठ्या कारागिराचं काम असतं. अमेरिकेत शाळेतली वाचनाची पुस्तकं रटाळ असल्याची ओरड झाली, तेव्हा डॉ. स्यूस यांना एका प्रकाशकानं शब्दांची यादी देऊन, तेवढ्यातच मुलांना खाली ठेववणार नाही असं पुस्तक लिहायला सांगितलं. त्यातून १९५७ साली 'द कॅट इन द हॅट' आलं. साऱ्या पुस्तकात वेगवेगळे शब्द केवळ २३६. तुझ्या लेकीच्या शाळेतून अशी इंग्रजी पुस्तकं घरी येतात, त्यांच्यावर लेव्हल लिहिलेली असते. ती पद्धत इंग्रजीसाठी ठीक आहे. इंग्रजीत एकच अक्षर दहा तऱ्हांनी वाचलं जातं, म्हणून तिथं शब्दांची मोजदाद करावी लागते. आपल्याकडे एकदा बाराखडी आली की मूल बहुतेक शब्द निदान उच्चारू शकतं. आपली मुलं अडतात ती अर्थापाशी आणि जोडाक्षरांच्या वळणांपाशी. तेव्हा इंग्रजीतली लेव्हल मनात धरून मराठी पुस्तक घ्यायला जाऊ नकोस.

जोडाक्षरांना घाबरू नकोस हे वर म्हणालेच, पण सगळी जोडाक्षरं सारखी नसतात हेही सांगते. 'पप्पा', 'सुट्टी', 'चिक्की', 'गच्ची' ही अक्षराची स्वतःशीच जोडी, लवकर जमते. 'पुस्तक', 'दप्तर' यांतलं अर्धं अक्षर अजून ओळखू येतं. खरी दमवतात ती र ची रूपं. 'सूर्य'मधला र डोक्यावर जाऊन बसतो, 'प्राणी'मधला पोटात तिरकी रेघ होतो, 'ट्रक'मधला खाली टोपीसारखा लटकतो. तरीही वर्गातल्या एकूणएक पोरांना 'ट्रक' वाचता येतो, कारण ट्रक सगळ्यांचा लाडका. 'द्ध', 'ज्ञ', 'क्ष' मागाहून. पहिल्या पुस्तकात असे एक-दोन शब्द आले तर येऊ देत, पण ते त्या गोष्टीत चार-पाच वेळा यावेत. एकदाच येऊन गेलेलं अवघड अक्षर मुलाच्या लक्षात राहत नाही.

नावं सांग, नावं सांग, असं तुझं चाललं असेल. माधुरी पुरंदरे यांच्यापासून सुरुवात कर. लिहिणाऱ्या त्याच आणि चित्रं काढणाऱ्याही त्याच. 'राधाचं घर' हा त्यांचा संच घे. त्यात राधाच्या घरातली आई, बाबा, आजी, आजोबा अशी माणसं भेटतात. ती आपल्यासारखी बोलतात, आपल्यासारखी रुसतात. त्यांची यशची पुस्तकं जरा पुढची आहेत, ती आधी तू वाचून दाखव. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ साली मिळाला, २०१६ साली 'बिग लिटल बुक अवॉर्ड' मिळाला. पण मला त्यांचं मोठेपण त्यांच्या वाक्यात दिसतं. एकही वाक्य मुलाशी वरून बोलत नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रमय पुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेतली स्वस्त पुस्तकं, चेन्नईच्या तूलिकाची मराठी आणि द्विभाषिक पुस्तकं, हेही बघ. मासिकच हवं असेल तर 'चिकूपिकू' लहानांसाठी आहे. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून चालू आहे, ते दोन-तीन वर्षांनी तिचं ती उचलेल.

खर्चाचं मनावर घेऊ नकोस. 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथं मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापूनही घेता येतात. त्यांच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीला साधारण २५० शब्दांच्या आतला मजकूर, दुसरीला ६०० पर्यंत, तिसरीला १५०० पर्यंत आणि चौथीला त्याहून जास्त. ही विभागणी उपयोगाची आहे, पण डोळे मिटून तिच्यावर विसंबू नकोस. गोष्टी नाना भाषांतून येतात आणि भाषांतरं नाना लोकांनी केलेली असतात. एखादी पहिल्या पातळीची गोष्ट मराठीत येताना 'निरीक्षण', 'आश्चर्यचकित' असे शब्द घेऊन येते. आधी तू वाच, मग तिला दे. आणि शक्यतो कागदावर दे. फोनवर तिचं बोट ओळीवरून फिरलं की पान सरकतं. जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचा बालविभागही एकदा पाहून ये. नवी वाचक असलेली मुलं एवढ्या भराभर पुस्तकं मागतात की सगळी विकत घेणं कोणालाच परवडत नाही.

घरी पुस्तक आलं की ते तिनं एकटीनं वाचायचं की तू वाचून दाखवायचं, हे कसं ठरवायचं? तिनं एक पान वाचावं, तू नुसतं ऐक. एका पानात अर्थ न कळलेले शब्द दोन-तीनच्या वर गेले तर ते आज तिचं एकटीचं पुस्तक नाही. मोठ्या मजकुराच्या पानाला शिक्षक पाच बोटांचा हिशेब लावतात, अडलं की एक बोट मिटायचं. पण दहा शब्दांच्या पानावर पाच बोटं मिटली तर उरलं काय? म्हणून दोन-तीन. त्यातही नुसतं अक्षर अडलं ते मोजू नकोस, शब्द माहीतच नव्हता तो मोज. मग असं पुस्तक दोघींनी मिळून वाचायचं, एक ओळ तुझी, एक तिची. आणि जे त्याहून कठीण पण गोष्ट म्हणून रसाळ, ते तू वाचून दाखवायचं. तिला वाचता यायला लागलं म्हणून वाचून दाखवणं बंद करू नकोस, हे मी तुला हात जोडून सांगते. आज तू ज्या भाषेत वाचून दाखवशील ती भाषा वर्षभरानं तिच्या कानाला ओळखीची झालेली असेल आणि तेव्हा आजची अवघड पुस्तकं सोपी झालेली असतील. तो फोटोतला ढीग त्यासाठीच ठेव.

आपल्या अमेरिकेतल्या मावसभावाच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. तो दहा वर्षांचा, रविवारच्या मराठी शाळेत आता कुठं काना-मात्रा शिकतोय. त्याला चिऊ-काऊचं पुस्तक दिलं तर त्याला लाज वाटते आणि ते बरोबरच आहे. उशिरा वाचायला लागलेल्या मुलाला मजकूर सोपा हवा, पण विषय त्याच्या वयाचा हवा. अशांना मी 'चिंटू' देते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रपट्टी १९९१ साली सुरू झाली. तीन-चार चौकटी, प्रत्येकीत बोललेलं एखादं वाक्य, शेवटी हसू. भाषा घरातली, चित्र सगळं सांगणारं आणि हातात धरलं म्हणून कोणी 'बाळ' म्हणणार नाही असं पुस्तक. वहिनीला हे कळवलं तर बरं.

शाळेच्या वाचनाच्या वेगाबद्दल तू विचारलं होतंस. २०२१ साली आलेल्या 'निपुण भारत' या सरकारी अभियानात दुसरीच्या अखेरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. पहिलीच्या अखेरीला चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचता यावीत एवढीच अपेक्षा आहे. शाळेला अशी लक्ष्यं लागतात, मला मान्य आहे. पण तुझ्या नवऱ्यानं फोनवर घड्याळ लावून तिला वाचायला बसवणं मला अजिबात आवडलं नाही, हे त्याला माझ्याकडून सांग. 'समजून' हा शब्द त्या लक्ष्यातही आहे. वेग हवा असेल तर तेच सोपं पुस्तक तिला पुन्हा पुन्हा वाचू दे. पाचव्यांदा वाचताना ती आपोआप वेगानं वाचते, माणसागणिक आवाज बदलते, गमतीच्या जागी आधीच हसायला लागते. 'हे झालंय ना आपलं, नवीन घे' असं तेव्हा म्हणायचं नाही.

आणि तिला नको असलेलं पुस्तक ती बाजूला टाकेल, तर टाकू दे. तू कितीही शोधून आणलेलं असो. तिला बेडूक आवडत असतील तर बेडकांची चार पुस्तकं आण.

आता एक काम कर. पुढच्या आठवड्यात मी पुस्तकांच्या दुकानात जाणार आहे, त्याआधी मला सांग, तिला कोणत्या गोष्टी तोंडपाठ आहेत, आजी तिला रात्री काय सांगते आणि घरातल्या कोणत्या माणसाबद्दल ती सारखी बोलत असते. तिलाच फोन दिलास तरी चालेल, मावशी विचारतेय म्हणून सांग. त्यावरूनच पहिली चार पुस्तकं ठरवते.